मोठ्या मायची पाठ

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत बुडवून बुडवून. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधीच कळलं नाही, आणि आता तर बोटंही वाकडी झाली आहेत, पेन धरलं की ओळ वर चढते नाहीतर खाली घसरते. ज्याच्या हाती ही पानं पडतील त्याने चुकांबद्दल माफ करावं. माफी मागते ती एवढ्याचीच. पुढे जे लिहिलं आहे त्याची नाही.

आमचं गाव मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळाला लागून होतं. गाडी एवढी हळू यायची की बाया चालत्या गाडीतून उतरून रुळाकडेची आंबाडी खुडायच्या, असं लोक गमतीने सांगायचे. घरात दोन भाऊ एकत्र होते. धाकटे माझे बाबा. थोरले ते मोठेबाबा, आणि त्यांची बायको ती आमची मोठी माय. मोठ्या मायला मूलबाळ नव्हतं. माझी माय लहान पोरांत आणि शेतात गुंतलेली, म्हणून मी वाढले ती मोठ्या मायच्या चुलीजवळ. ती काठवटीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मळायची आणि भाकर थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा. ती भाकर, त्यावर तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा आणि जवसाचं कच्चं तेल. आज मला डॉक्टरांनी तिखट बंद केलं आहे. मी ऐकते आणि खाते. तिचा आवाज असा होता की वावराच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल कान हलवायचा. मी तिच्या उलट. घरी पाहुणा आला की मी कोठीत धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची. ‘या पोट्टीले तोंड देलं का नाई देवानं?’ असं बाबा सगळ्यांसमोर विचारायचे, आणि त्यावरही मी काही बोलायची नाही.

एका सकाळी भाकर थापता थापता मोठ्या मायचा उजवा हात थांबला. भाकर अर्धी हातावर, अर्धी काठवटीत लोंबली. ती माझ्याकडे पाहून हसली, असं मला वाटलं. पण ते हसणं नव्हतं, तोंड वाकडं झालं होतं. मग ती जागच्या जागी कलंडली. गावात याला वारं गेलं म्हणतात, लकवाही म्हणतात. कुणीतरी कबुतर आणलं, त्याचं रक्त तिच्या हातापायाला चोळलं. कुणी ताईत बांधला. तिची वाचा गेली. पुढे फक्त एक शब्द परत आला, ‘मंग’. भूक लागली तरी मंग, अंथरूण ओलं झालं तरी मंग, राग आला तरी मंग. आम्ही आवाजावरून ओळखायला शिकलो.

आणि आमच्या लोकांनी तिच्यावर माया करून तिचे जे हाल केले, ते वैर्‍यानेही केले नसते. गावातल्या सगळ्या जाणत्या बायांनी बजावून सांगितलं की वाऱ्याच्या माणसाला हलवू नये, हलवलं की वारं काळजात शिरतं. म्हणून तिला बाजेवर जशी निजवली तशीच ठेवली. उताणी. कूस बदलू द्यायची नाही, बसवायचं नाही. माझी माय रोज हळूच तोंड पुसायची आणि बाहेर यायची, धक्का लागू नये म्हणून. बाबांनी तर पोरांना त्या खोलीत पळायची बंदी केली होती. सगळे जपत होते. महिना गेला असेल नसेल, खोलीतून वास यायला लागला. मोठेबाबांनी एक दिवस तिला उचलून पाहिलं आणि तसेच तिला दोन्ही हातांवर धरून ओसरीत येऊन उभे राहिले. तिच्या पाठीचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. ते म्हणाले, ‘आता काळजात गेलं तर जाऊ द्या. मी हिले अमरावतीले नेतो.’

सरकारी दवाखान्यात बायांच्या वार्डात पुरुषाला राहता येत नव्हतं. सोबत बाईमाणूस हवं होतं. वेचणी तोंडावर आली होती, वासाला सगळ्या भ्यायल्या होत्या, आणि माझ्यावाचून घरात कुणाचं अडत नव्हतं. म्हणून मला पाठवलं. मी ओढणीचा बोळा तोंडात धरून वार्डात शिरले. तिथे मार्था सिस्टर होत्या. उंच, काळ्यासावळ्या, दूर दक्षिणेकडच्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायच्या आणि सगळंच रागाने बोलायच्या. त्यांनी मोठ्या मायला कुशीवर केलं, पाठ पाहिली आणि मोठेबाबांकडे वळल्या.

‘किसने सुलाया ऐसा? पेशंट है के लाकूड है?’

‘हलवू नोको म्हणे लोकं,’ मोठेबाबा म्हणाले.

‘लोक को बोलो एक दिन खुद सोके दिखाव ऐसा.’ मग माझ्याकडे बोट. ‘तू. इधर. रडणं नंतर. हात धुव.’

मी हात धुतले. माझ्या आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच काही काम शिकवत होतं, ‘हे तुला येणार नाही’ असं आधी न म्हणता. ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी सोलते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. चादरीला एक सुरकुती नको. पुसायचं ते टिपून, घासून नाही. ओलं ठेवायचं नाही. माझ्यात एकटीने मोठ्या मायला उचलायचं बळ नव्हतं, तेव्हा मार्था सिस्टरने दाराबाहेर बसलेल्या मोठेबाबांना आत बोलावलं. दुसरी एक नर्स म्हणाली, हा बायांचा वार्ड आहे. ‘पडदा लगाव,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आदमी है तो क्या, हात हैं ना उसको?’

ज्या माणसाने जेवल्यावर आपलं ताट कधी उचललं नव्हतं, तो माणूस त्या पडद्याआड शिकला. टाच टेकू नये म्हणून तिच्या पायाखाली काहीतरी गोल हवं होतं, तर त्यांनी घरचा कापूस मागवला आणि डोक्यावर घागर ठेवायला बाया करतात तशा चुंबळी वळल्या, मऊ फडक्यात गुंडाळून. मार्था सिस्टरने त्या हातात घेऊन दाबून पाहिल्या आणि इतर पेशंटांसाठी आणखी करायला लावल्या. मोठेबाबा वार्डाच्या दारात बसून दिवसभर चुंबळी वळायचे.

जखमा भरत आल्यावर आम्ही घरी आलो. घरी घड्याळ नव्हतं. दिवसभर कूस कधी बदलायची हे मोठेबाबांनी आवाजांवर बसवलं. पहाटे मशिदीतली अजान, मग सकाळची गाडी, मग शाळेची घंटा, दुपारची अजान, कापसाच्या जिनाचा भोंगा, संध्याकाळची गाडी. प्रत्येक आवाजाला उठायचं. ते खांद्याकडून, मी कमरेकडून. ‘उचल’ म्हणायचे, आणि मोठी माय हवेत असायची आणि दुसऱ्या कुशीवर यायची, ‘मंग’ म्हणायची. आजही कुठे शाळेची घंटा झाली की माझे हात उठतात. ती गाडी तर कधीचीच बंद पडली, रुळांवर बाभळी वाढल्या आहेत असं भाचा सांगतो. पण एवढं खरं की आमच्या घरात त्या गाडीची वाट जेवढी पाहिली गेली तेवढी तिच्यात बसणाऱ्यांनीही पाहिली नसेल.

तिची घाण झालेली लुगडी मोठेबाबा स्वतः नाल्यावर नेऊन धुवायचे. हे गावाला सोसलं नाही. आजारी बायकोला सवत आणून दिली असती तर कुणी काही बोललं नसतं. धुणं धुतलं म्हणून पारावर हसू झालं. एकदा मी सोबत होते. पारावरचा एक जण म्हणाला, ‘काय बुवा, लुगडे धुता, आता कुकूबी लावता का?’

‘लावतो ना,’ मोठेबाबा चालता चालता म्हणाले. ‘तिच्या कपाळाले रोज मीच लावतो. तुह्या बायकोले तू लावत नाईस का? का दुसरा कोनी लावते?’

पारावर जे हसू झालं ते मग त्या माणसावर झालं. मी ओढणीआड हसले. असं बोलणं मला आयुष्यात जमलं नाही, पण असं बोलणारं माणूस माझ्या घरातलं होतं याचा मला माज होता, आणि आहे.

एका दुपारी आम्ही तिची पाठ धुऊन टिपत होतो. जखमेच्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती. मोठेबाबा माझ्या हाताकडे पाहत होते. म्हणाले, ‘इंदे, तुह्या हाताले घाई नाई. त्या सिस्टरच्या हातासारखा हाये. तू नरसबाई हो.’

मला हसू आलं. ‘मी चौथी शिकली मोठेबाबा.’

‘हात चौथी शिकला का म्याट्रिक, पाठीले काय मालूम?’

त्यांनी ते सहज म्हटलं आणि पाणी फेकायला गेले. मी मात्र तिथेच बसून राहिले. तोपर्यंत मी काय होणार हा प्रश्नच नव्हता. पोरीचं लग्न होतं, बाकी काही होत नाही. त्या दिवसापासून मला एक गोष्ट हवीशी झाली, आणि हवंसं असणं ही लाजाळू माणसाची फार अवघड गोष्ट असते, कारण ते कुठे लपवावं हे कळत नाही.

बाबांनी तेवढ्यात सोयरीक जमवली. अचलपूरचे लोक, लाकडाची वखार, पक्कं घर. मुलगा मी पाहिला नव्हता आणि पाहावा असं कुणाला वाटलंही नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. अंगण सारवलं, मांडव घातला. पुरणाच्या पोळ्या, पातोडीची रश्याची भाजी, वडे, कढी. त्या तळणाच्या वासाखाली दुसरा कुठला वास येऊ नये म्हणून बाबांनी मोठ्या मायच्या खोलीत ऊद जाळला आणि दारावर सतरंजी टांगली. सकाळची गाडी गेल्यावर आम्ही तिची कूस बदलली, ती कार्यक्रमाआधीची शेवटची. नंतर मला नटवायला नेलं. पाहुण्यांनी आणलेला शालू मला नेसवला. मोठेबाबा घरचे कर्ते, त्यांना पाहुण्यांच्या मधोमध बसवलं.

मी पाटावर होते तेव्हा शाळेची घंटा झाली. मोठेबाबांनी मान वर केली. उठायला गेले तर बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. पाहुण्यांच्या बाया कुंकू लावत होत्या, ओटी भरत होत्या, त्यांचं चालूच होतं. दुपारची अजान झाली. मी खाली मान घालून ऐकत होते. मग सतरंजीआडून आवाज आला. ‘मंग.’ हळू. थोड्या वेळाने मोठ्याने. ‘मंग! मंग!’ तो कुठला मंग होता हे त्या मांडवात फक्त दोघांना कळत होतं.

‘आत कोन हाये?’ मुलाच्या आईने विचारलं.

‘कोनी नाई,’ बाबा म्हणाले. ‘म्हातारी हाये एक. झोपीत बरळते.’

‘माही बायको हाये,’ मोठेबाबा म्हणाले आणि उभे राहिले.

मुलाचे मामा लोडाला टेकून बसले होते. सोयरीक त्यांच्याच हातची. त्यांनी मोठेबाबांचं धोतर धरलं. ‘बसा हो बुवा. आइकलं आमी सारं. लुगडे धुता म्हने तुमी. आज तरी मानसात बसा.’

सगळे हसले. बाबाही हसले, ते मी पाहिलं. आणि माझ्यासमोर बसलेली मुलाची आई माझ्या हनुवटीला हात लावून गोड आवाजात म्हणाली, ‘आन तूबी त्या खोलीत जात नोको जाऊ बाई आता. आमचं कुकू लागलं तुले. वारं अंगावर येते पोरीच्या.’

भरल्या ओटीने पाटावरून मधेच उठू नये, हे पोरीला चालता येऊ लागल्यापासून सांगितलेलं असतं. मी उठले. ओटीतले गहू सांडले, नारळ घरंगळत मामांच्या लोडापर्यंत गेला. कुणीतरी ‘अवो माय!’ म्हणून तोंडावर हात ठेवला. मी सतरंजी बाजूला केली. आत मोठी माय ओल्यात पडली होती, सकाळच्याच कुशीवर, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं. मी त्या मांडवाकडे वळून, एवढ्या पुरुषांसमोर, मोठ्याने हाक मारली, ‘मोठेबाबा, या. खांद्याकडून धरा.’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मामांच्या हातातून धोतर सोडवून ते आले. मी दार आतून लावून घेतलं. तमाशा बाहेर होता, मोठ्या मायचा तमाशा मला करायचा नव्हता. आम्ही तिला उचललं, धुतलं, टिपलं, कोरडं नेसवलं, चुंबळी ठेवल्या. जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. शालूचं जे व्हायचं ते झालं.

बाहेर आले तेव्हा कढईतलं तळण थांबलं होतं. मुलाच्या आईने सांगितलं की झालं ते अपशकुनाचं झालं, पण त्या पदरात घेतील. मी सगळ्यांच्या पाया पडून चुकलं म्हणावं, आणि लग्न होईपर्यंत त्या खोलीत पाय ठेवणार नाही असं कबूल करावं.

‘नाई,’ मी म्हणाले.

बाबांना वाटलं मी लाजून काहीतरी पुटपुटले. ‘काय म्हनून रायली?’ त्यांनी विचारलं. मी परत म्हणाले, ‘नाई.’ त्या दिवशी मी याहून जास्त काही बोलले नाही. लोक नंतर सांगत सुटले की पोरगी पाहुण्यांशी भांडली. मी भांडले नाही. मला भांडता येत नाही. मला फक्त नाही म्हणता आलं.

सोयरीक मोडली असं कुणी म्हटलं नाही. ती मोडणं एवढं सोपं नव्हतं. शालू, अंगठी, पाहुण्यांचा येण्याजाण्याचा खर्च, वाजंत्र्यांना आणि मांडववाल्याला दिलेला इसार, सगळं मामांनी बोटांवर धरलं. रक्कम इथे लिहीत नाही. आज ऐकून घरातली पोरं हसतील. तेव्हा त्यात एक दुभती म्हैस आली असती. ठरलं असं की पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पैसे परत झाले तर पोरगी मोकळी, नाहीतर लग्न, आणि तेही त्यांच्या अटीवर. त्यांना वाटलं पोरगी महिनाभरात नरमेल. बाबांना तर खात्री होती. बाबांकडे पैसे नव्हते असं नाही, पण ते ओसरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मोडलं कोनं? तिनं. मंग भरीन कोन? थेच पोट्टी. नरसबाई व्हाचं हाये ना तिले? हो म्हना. कमव म्हना आन दे.’

त्यांनी टोमणा मारला होता. मी तो हुकूम म्हणून घेतला.

मोठेबाबांनी मला परत अमरावतीला मार्था सिस्टरकडे नेलं. सिस्टरने माझे हात उलटेपालटे करून पाहिले, जसे काही त्यावर माझी शाळा लिहिली आहे. अकोल्याला त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई होत्या, स्वतःचा लहानसा दवाखाना होता, तिथे आया हवी होती. जायचं ठरलं तेव्हा मला एकच घोर होता. मोठ्या मायला कमरेकडून धरणार कोण? निघायच्या सकाळी मी खोलीत गेले तर माझी माय तिथे उभी होती. महिनोन् महिने ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. पदर खोचलेला. मला म्हणाली, ‘जाय तू. कमरीकडून मी धरीन. कसं धराचं थे दाखव फक्त.’ मी दाखवलं. गाडीची शिट्टी झाली आणि माझ्या मायने आणि मोठेबाबांनी मोठ्या मायला उचललं. त्या शिट्टीलाच मला निघायचं होतं. मी धावत गेले.

अकोल्याच्या उन्हाबद्दल काय लिहावं? तिथे उन्हाळ्यात नळाला येणारं पाणी चहाला चालेल असं असतं. पहिले काही महिने मी फरशी पुसली, भांडी उकळली, बादल्या उचलल्या. मला कुणाशी बोलायला लागायचं नाही, म्हणून मला ते बरं वाटायचं. मग एकदा एका बाळंतिणीच्या आजेसासूला भरती केलं, मांडीचं हाड मोडलेली म्हातारी, आणि तिची कूस बदलताना ती अशी ओरडायची की कुणी जवळ जाईना. मी जाऊन बदलली. ती ओरडली नाही असं नाही, ओरडलीच. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘थे मुकी पोट्टी कुठी हाये, तिलेच पाठवा.’ पुढे डॉक्टरबाईंनी मला ड्रेसिंगच्या वेळी जवळ उभं करायला सुरुवात केली. इंजेक्शन धरायला शिकवलं, ताप मोजायला शिकवलं. आकडे मला येत होते. पेशंटची माणसं मला सिस्टर म्हणायला लागली. तिथल्या शिकलेल्या सिस्टर त्यांना ताबडतोब सांगायच्या, ‘ती सिस्टर नाही, आया आहे.’ खरंच होतं. पगाराच्या कागदावर शेवटपर्यंत आया हेच होतं. आता दवाखान्यात हवेच्या गाद्या आल्या, आणि माझी भाची रीतसर नर्सिंग शिकून पांढऱ्या कोटात फिरते, तिचा मला अभिमान आहे. पण कुणी विचारलं तर मी सांगते की मी नर्स होते. कागद नव्हता. माणसं होती, आणि त्यांच्या पाठी शाबूत होत्या. ज्याला कागद पाहायचा असेल त्याने दुसरीकडे जावं.

दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी एका शेठजींच्या आईची घरी सेवा, असे दोन पगार मी घेत होते. जेवण डॉक्टरबाईंच्या स्वयंपाकघरात, उरलेल्या भाकरीला फोडणी घालून. नवी साडी घेतली नाही. महिन्याला मोठेबाबा येत, पैसे घेऊन अचलपूरला पोचते करत, आणि परत जाताना बसस्टँडवर मला ‘तिची पाठ चांगली हाये’ एवढं सांगून जात. प्रत्येक वेळी हेच, दुसरं काही नाही.

थंडीत मोठी माय गेली. दुसऱ्यांदा झटका आला आणि एका दिवसात गेली. मी पोचले तेव्हा अंगणात पाणी तापत होतं आणि गावातल्या बाया तिला शेवटची आंघोळ घालायला जमल्या होत्या. ज्यांनी हलवू नका म्हणून सांगितलं होतं त्याही होत्या. माझ्या मायने आणि मी तिला कुशीवर केलं, आणि बायांनी पाठ पाहिली. एक डाग नव्हता. जुन्या जखमांचे चट्टे होते, पांढरट, कोरडे. नवं काही नाही. एक म्हातारी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच थांबली. मग तिने तो माझ्या मायच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तुमीच घाला वं बाई.’ बाहेर मोठेबाबा बसले होते. संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मग परत बसले. यावर मला जास्त लिहवत नाही.

लोकांना वाटलं, आता जिच्यासाठी हट्ट केला तीच राहिली नाही, आता पोरगी लग्नाला उभी राहील. बाबांनीही अकोल्याला येऊन समजावलं, यावेळी टोमणा न मारता. म्हणाले, मुलगा अजून थांबला आहे, घर चांगलं आहे, झालं गेलं विसरू. मी त्यांना चहा आणून दिला. मी म्हणाले, ‘मले नर्सच राहाचं हाये बाबा.’ ते चहा पीत राहिले. चहा संपल्यावरही कप बराच वेळ हातात होता.

आखाजीच्या चार दिवस आधी शेवटचे पैसे घेऊन मी स्वतः एसटीने अचलपूरला गेले. मोठेबाबा आले होते, बाबाही आले होते. पक्कं घर खरंच पक्कं होतं, सागाचे खांब, बंगईला, म्हणजे झोपाळ्याला, पितळी कड्या. मुलाची आई बंगईवर बसली होती. मामा खाली गादीवर. मुलगाही होता, दारात उभा. पहिल्यांदाच पाहिला. बरा होता दिसायला, बिचाऱ्याने माझं काही वाईट केलं नव्हतं. मी पदरातून पुरचुंडी काढली आणि मामांसमोर ठेवली.

मुलाच्या आईने ती पाहिली आणि बंगई पायाने थांबवली. ‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘आमी काई भिकारी नाई लागलो. एवढे सोडले तुले. सार्‍यायच्या पाया पड, चुकलं म्हन, आन जाय मोकळी.’

‘पड वं इंदे,’ बाबा घाईने म्हणाले. ‘सोडून रायल्या त्या. पड.’

महिनाभराची कमाई होती ती. त्यात मला दोन साड्या आल्या असत्या आणि चपला आल्या असत्या. मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते, सागाच्या खांबांची किंमत करत असल्यासारखे. हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

‘मोजा,’ मी मामांना म्हणाले.

‘आवो बाई, सोडले म्हनते ना थे...’

‘सोडू नोका. माह्यावर काई सोडलं असं पुढं कोनी म्हनाले नाई पायजे. मोजा.’

मामांनी पुरचुंडी सोडली. नोटा चुरगळलेल्या होत्या, खाली चिल्लर होती. त्यांनी नोटा मांडीवर सरळ केल्या, चिल्लर वेगळी केली, सगळी मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली. बंगईच्या कड्या कुरकुरत नव्हत्या. मग ते बहिणीकडे न पाहता म्हणाले, ‘फिटले.’

‘सारे?’ मी विचारलं.

‘सारे फिटले, बाई. एक पैसा नाई बाकी.’

मी दारातून बाहेर आले, चप्पल घातली आणि अकोल्याची बस धरायला निघाले. सकाळी ड्युटी होती.